प्रश्न वाचकांचे : कंट्रोलर थांबवला, पण कामं थांबली का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात एक हेड नोड (कारभार पाहणारा संगणक) आणि 12 कॉम्प्युट नोड (कामं चालवणारे संगणक) आहेत. कामांचं वाटप स्लर्म हे सॉफ्टवेअर करतं. येत्या रविवारी सकाळी 8 ते दुपारी 4 देखभालीसाठी वीज बंद राहणार आहे आणि यूपीएस जेमतेम अर्धा तास तग धरतो. हेड नोडला मॉनिटर नाही, नेटवर्कवरून एसएसएचनेच आत जावं लागतं. कमांड लाइनवरून स्लर्मची कंट्रोलर सेवा नीट कशी थांबवायची?
– प्रयोगशाळा साहाय्यक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : आज्ञा एका ओळीची आहे : ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप स्लर्मसीटीएलडी’. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.) पण एवढ्याने तुमचा रविवार निभावणार नाही.

स्लर्मसीटीएलडी, म्हणजे कंट्रोलर, हा फक्त मुनीम आहे. कोणतं काम कोणत्या नोडवर, रांगेत पुढे कोण, याची वही त्याच्याकडे असते. मुनीम वही मिटून घरी गेला म्हणून यंत्रमाग थांबत नाहीत, खटखट चालूच राहते. इथेही तसंच. चालू काम प्रत्येक नोडवर स्लर्मस्टेपडी नावाच्या वेगळ्या प्रक्रियेच्या हाती असतं आणि कंट्रोलर बंद झाला तरी ते पुढे चालतं. फक्त नवं काम घेतलं जात नाही आणि रांग दाखवणारं ‘एसक्यू’ विचारलं तर कंट्रोलरशी संपर्क होत नाही असं उत्तर येतं. म्हणजे शनिवारी रात्री तुम्ही कंट्रोलर थांबवून निर्धास्त झोपाल आणि रविवारी यूपीएस संपला की चालू कामं जागीच मरतील.

म्हणून सुरुवात गुरुवारीच करा. देखभालीसाठी आरक्षण टाका : ‘एसकंट्रोल क्रिएट रिझर्व्हेशन’. त्यात स्टार्टटाइम रविवार सकाळी 7, ड्युरेशन 570 (हे मिनिटांत, म्हणजे साडेचारपर्यंत), नोड्स ऑल, यूझर रूट आणि फ्लॅग्जमध्ये मेंट व इग्नोर-जॉब्स. इग्नोर-जॉब्स नसेल, तर त्या वेळेपर्यंत चालू राहू शकणाऱ्या कामांमुळे आरक्षण नाकारलं जातं. आरक्षण पडलं की ज्या कामाची वेळमर्यादा रविवारी 7 च्या पुढे जाते ते काम स्लर्म सुरूच करत नाही, रांगेत थांबवतं. छोटी कामं मात्र शनिवार रात्रीपर्यंत बिनधोक चालतात. एक अडचण येईल : विद्यार्थी वेळमर्यादा लिहीत नसतील आणि पार्टिशनला (नोडच्या गटाला) डिफॉल्टटाइम दिलेला नसेल, तर पार्टिशनची कमाल मर्यादाच त्या कामाला लागू होते. ती 7 दिवसांची असेल, तर गुरुवारपासूनच सगळं अडकेल आणि तक्रारी तुमच्याकडे येतील. आधीच सूचना लावा, की स्क्रिप्टमध्ये वेळ लिहा.

शनिवारी रात्री उरलेली कामं पाहा. ‘एसकंट्रोल सस्पेंड’ वापरायचा मोह होतो, तो टाळा. त्याने काम गोठतं, पण मेमरीतच. वीज गेली की तेही गेलं. ज्या स्क्रिप्टला मधली स्थिती डिस्कवर लिहिता येते तिला यूएसआर-वन सिग्नल पाठवा, लिहून होऊ द्या, मग ‘एसकंट्रोल रीक्यू’ने रांगेत परत ढकला. आरक्षण असल्यामुळे ते लगेच पुन्हा सुरू होणार नाही. ज्यांना अशी सोय नाही त्यांना ‘एसकॅन्सल’; कामाच्या मालकाला विचारून.

आता कंट्रोलर. स्टॉप दिल्यावर तो आपली स्थिती स्टेटसेव्हलोकेशन या फोल्डरमध्ये लिहितो आणि मग बंद होतो. हे फोल्डर कुठे आहे ते आधीच ‘एसकंट्रोल शो कॉन्फिग’मध्ये बघून ठेवा, कारण ही आज्ञा कंट्रोलर बंद झाल्यावर उत्तर देणार नाही. सिस्टिमडी (सेवा चालू-बंद करणारी यंत्रणा) साधारणपणे 90 सेकंद वाट बघतं आणि मग प्रक्रिया जबरदस्तीने मारतं. फोल्डर संथ नेटवर्क डिस्कवर असेल, तर लॉगमध्ये सेवा व्यवस्थित बंद झाली की वेळ संपून मारली गेली हे जरूर वाचा. ‘किल’ला उणे नऊ लावून बंद करणं म्हणजे मुनिमाच्या हातातून अर्धवट लिहिलेली वही हिसकावणं. बंद झाल्यावर त्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. मग स्लर्मडीबीडी (कामांच्या नोंदींची सेवा) थांबवा, कॉम्प्युट नोड बंद करा आणि ज्या यंत्रावर सामायिक डिस्क आहे ते सर्वांत शेवटी.

बॅकअप कंट्रोलर असेल तर आधी तो थांबवा. नाहीतर मुख्य कंट्रोलर दिसेनासा झाल्यावर 120 सेकंदांनी (ही मूळ सेटिंग) तो कारभार हाती घेतो आणि तुम्हाला वाटत राहतं, की थांबवलेली सेवा आपोआप उठली.

प्रश्न : मागच्या वेळी मी ‘एसकंट्रोल शटडाउन’ दिलं, तर सगळ्या नोडवरचा स्लर्मडीसुद्धा (नोडवर कामं सुरू करणारी सेवा) बंद झाला. असं का?
– अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ती आज्ञा तशीच आहे. पुढे काही न लिहिता दिली, तर कंट्रोलर निरोप सगळ्या नोडना धाडतो आणि मग स्वतः बंद होतो. फक्त कंट्रोलर थांबवायचा असेल तर शेवटी ‘कंट्रोलर’ हा शब्द जोडा. आमचा कल सिस्टिमसीटीएलकडेच आहे. तिथे कोणती सेवा थांबतेय हे नावातच दिसतं.

झालं ते निस्तरायचं, तर आधी नोडवरचे स्लर्मडी उठवा, कंट्रोलर नंतर. उलट केलंत, तर 300 सेकंद (स्लर्मडी-टाइमआउटची मूळ किंमत) नोडने ओ दिली नाही म्हणून कंट्रोलर त्याला डाउन ठरवतो आणि त्यावरचं काम मारतो किंवा पुन्हा रांगेत घालतो, मग ते तिकडे सुखरूप चालू असलं तरी. आणि स्लर्मडीची सर्व्हिस फाइल कुणी हाताने लिहिली असेल, तर तिच्यात किलमोड ‘प्रोसेस’ आहे ना ते बघा. नसेल, तर स्लर्मडी थांबवताच सिस्टिमडी त्याच्याबरोबर चालू कामंही मारतं.

कंट्रोलर उठत नाही म्हणून कुणी ‘स्लर्मसीटीएलडी’पुढे उणे सी लावून चालवायला सांगेल. त्याने जतन केलेली सगळी स्थिती पुसली जाते, रांग रिकामी होते. आधी लॉग वाचा.

प्रश्न : वीज आल्यावर नोड चालू झाले, स्लर्मडीही चालू आहे, तरी नोडची स्थिती सांगणारं ‘एसइन्फो’ त्यांना डाउन दाखवतं.
– जुळे सोलापूर

उत्तर : ‘एसइन्फो’ला उणे मोठा आर लावा, कारण दिसेल. नोड अनपेक्षितपणे रीबूट झाल्याची नोंद असेल, तर स्लर्मच्या सेटिंगमध्ये रिटर्नटूसर्व्हिस 0 किंवा 1 असताना नोड आपोआप परत येत नाही. 2 असेल तरच येतो. एकदा ‘एसकंट्रोल अपडेट’मध्ये नोडनेम आणि स्टेट रिझ्यूम दिलं की झालं. ओळखपत्र नाकारल्याचा संदेश लॉगमध्ये असेल, तर घड्याळ बघा. जुन्या मदरबोर्डचा सेल संपलेला असतो, वीज गेली की तारीख मागे जाते आणि मंज (ओळखपत्र तपासणारी सेवा) 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. क्रोनीने (घड्याळ जुळवणारी सेवा) वेळ जुळवा, मग मंज आणि स्लर्मडी रीस्टार्ट करा. सेल 2032 क्रमांकाचा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.