लेकीला घरी ठेवून पहिल्यांदा परदेशी निघताना

अगं, लेक तीन वर्षांची आणि तुला तीन आठवडे जर्मनीला जायचंय, म्हणजे जीव कालवणारच. माझाही कालवला होता.

मी केलेली एक चूक मात्र करू नकोस. मुलगा झोपेत असताना मी गुपचूप निघाले. रडणं टळेल असं वाटलं. परत आल्यावर महिनाभर तो मला नजरेआड होऊ देईना. तू लेकीला सांगून जा. रडली तर रडू दे, पण दारात टाटा करूनच नीघ. या वयात 'तीन आठवडे' कळत नाहीत, म्हणून कालनिर्णयवर रोज एक टिकली लावायचं काम तिला दे. आई येण्याच्या दिवसावर विमान काढून ठेव.

फोनची वेळ आधीच ठरव. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. तिची रात्री साडेआठची झोपायची वेळ म्हणजे तिथले पाच किंवा चार. ऐन ऑफिसची वेळ! तेवढा अर्धा तास आत्ताच अडवून ठेव आणि साहेबांना खरं कारण सांग. 'आज काय केलंस?' विचारलं की मुलं पळतात. त्यापेक्षा रोज गोष्टीचा एक तुकडा सांग. एखाद्या दिवशी ती फोनवर आलीच नाही, तर ती मजेत आहे असं समज.

नवऱ्याला सूचनांची यादी देऊ नकोस, त्याला त्याच्या पद्धतीने करू दे. डॉक्टरांचा नंबर आणि त्यांनी सांगितलेलं तापाच्या औषधाचं प्रमाण तेवढं फ्रिजवर चिकटव.

आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी घेच.