तालमीला बस

परवा तू आलास तेव्हा तुझ्या एका हातात स्पर्धेच्या नाटकाचा दुसरा अंक होता, दुसऱ्यात मुंबईच्या मालिकेचा करार. चहा निवला तरी तुझं ‘जाऊ की राहू’ संपेना. मी गप्प होते, कारण मला राग आला होता. तीन आठवडे तालमीला फिरकला नाहीस, हे तू किरकोळ असल्यासारखं मध्येच सांगून टाकलंस.

मुंबईला जायचं तर जा. पण आधी तालमीला बस.

कोपऱ्यात, तोंड मिटून. नट अडखळला की संहितेत खूण कर. रोज त्याच जागी अडखळत असेल तर त्याच्यावर खेकसू नकोस, वाक्य तुझंच खोटं आहे. पाठ न होणारं वाक्य बहुतेक वेळा प्रेक्षकाला माहिती पुरवायला घुसडलेलं असतं. घरी टेबलाशी हे कळत नाही रे. मला कळायला चाळिशी उजाडली.

माझ्या एका नाटकात म्हातारी सुनेला विचारते, “का बरं रडतेस?” आमची नटी तालमीत दर वेळी म्हणायची, “काऊन रडून राहिली वं?” परीक्षक हसतील म्हणून मी दर वेळी तिला टोकलं. प्रयोगात बिचारी शुद्ध बोलली. नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात मागे उभी राहून मी ऐकलं, आणि म्हातारी तिथंच मेली. त्याच नागपुरात राहून महेश एलकुंचवारांनी आपल्या ‘वाडा चिरेबंदी’ नाटकातल्या देशपांड्यांच्या तोंडी वऱ्हाडी वळण ठेवलं. 1985 साली दिग्दर्शिका विजया मेहतांनी ते नाटक मुंबईत केलं. मला तेवढा धीर नव्हता, आणि नटी तर रोज फुकट शिकवत होती.

तू म्हणशील, मालिकेला कुठली आलीय तालीम? कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि पानं सेटवर पोचतात ती शाई ओली असताना. म्हणून तर कान इथूनच तयार करून ने. ‘अर्धसत्य’ सिनेमाची मूळ कथा पानवलकरांची, पटकथा नाटककार विजय तेंडुलकरांची. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं कुठं बोलतील आणि कुठं गिळून बसतील, हे त्यांना नाटकानं शिकवलं असणार. मी तरी तसंच मानते.

मलाही एकदा बोलावणं आलं होतं. गेले नाही. विचारलं की सासूबाईंचं आजारपण सांगते, ते खोटंही नाही. पण त्या वर्षी माझी एकही तालीम चालू नव्हती, कानात कुणाचाच आवाज नव्हता, आणि रिकाम्या कानानं जायची भीती वाटली. राहिले म्हणून काही बिघडलं नाही. नऊ नाटकं केली इथं. धनवटे रंगमंदिरात उभं राहून लोकांनी टाळ्या वाजवल्यात. (दोनदा. पण वाजवल्यात.)

असो. करार तू माझ्या टेबलावरच विसरलास. मी तो कपाटात ठेवलाय, तालीम सुटल्यावर घेऊन जा. तुझ्या दिग्दर्शकाला मीच फोन केला होता, रागावू नकोस. आज सातला सुरू करताहेत. दुसऱ्या अंकातलं बापाचं ते दीड पानी स्वगत अजून पाठ होत नाहीये म्हणाला.