सेफ्टी बार उघडला, तर दोष तिकिटावर ढकलता येत नाही

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी एका पार्कमधल्या राईडवर माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचा मांडीवरचा सेफ्टी बार वळणावर उघडला. ती कडेला आपटली, हाताचं हाड मोडलं. तिची उंची फलकावरच्या खुणेपेक्षा थोडी कमी होती, तरी ऑपरेटरने बसू दिलं. आता पार्कवाले म्हणतात, तिकिटावर 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलंय; २५ हजार घ्या आणि सही करा. काय करू? (एक आई, सातारा)

उत्तर: ताई, सही करू नका. त्या कागदावर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असणारच, आणि मग पुढचं सगळं अवघड होतं. पैसे घ्यायचेच असतील, तर पावतीवर 'अंशतः, हक्क राखून' असं स्वतःच्या हाताने लिहा.

तिकिटामागच्या बारीक अक्षरांना घाबरू नका. राईडवर पोट ढवळलं, ती तुमची जबाबदारी. बार लॉक न होणं ही सेवेतली त्रुटी. चालत्या राईडचा बार आपोआप उघडतो तेव्हा 'घटनाच बोलते' हे तत्त्व लागू होतं. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये तेच तत्त्व लावलं होतं. निष्काळजीपणा नव्हता हे मग पार्कला दाखवावं लागतं.

उंचीची गोष्ट लपवू नका. वकील म्हणून सांगतो, ती उघड झाली तर भरपाई फार तर थोडी घटेल. लपवलेली सापडली तर तुमच्या सगळ्या म्हणण्यावरचा विश्वास जाईल. शिवाय खूण पाहून मुलांना अडवणं हे ऑपरेटरचंच काम आहे.

खरी घाई पुराव्याची आहे. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडोत एक चौदा वर्षांचा मुलगा राईडवरून पडून दगावला. तिथल्या चौकशीत निघालं, की त्याच्या सीटच्या सेन्सरची जुळणी हाताने बदलली होती. त्यामुळे बारखाली जास्त फट राहूनही राईड सुरू होत होती. असलं काही नोंदींतूनच कळतं. म्हणून सीसीटीव्हीचं चित्रण, रोजच्या तपासणीची नोंदवही आणि दुरुस्तीची बिलं जपून ठेवा, अशी नोटीस पार्कला याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा. चित्रण पुसलं गेलं असेल, तरी नोटीस पाठवाच.

पोलिसांकडे तक्रार द्या. हाड मोडणं कायद्याने 'गंभीर दुखापत' आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. पार्क कुठेही असो, तक्रार तुम्ही साताऱ्यात करू शकता. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तिकिटाएवढ्या छोट्या रकमेसाठी तक्रारीला शुल्क नाही. सोबत तिकीट, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जोडा. तिकीट हरवलं असेल, तर यूपीआयची नोंद चालेल.