सेंट मेरी ॲक्स: अक्ष नव्हे, कुऱ्हाड

प्रश्न: लंडनमधल्या 'सेंट मेरी ॲक्स' या रस्त्याचं नाव एका लेखात 'संत मेरीचा अक्ष' असं भाषांतरित केलेलं वाचलं. बरोबर आहे का? आणि 'पॅरिश'ला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, मराठीत काय म्हणावं?

उत्तर: साफ चूक. मुळात रस्त्यांच्या नावांची भाषांतरं करायची हौस कशाला? उद्या कुणी भिकारदास मारुतीचं इंग्रजी करायला बसेल. 'ॲक्सिस' आणि आपला 'अक्ष' एकाच मुळाचे, हे खरं. पण इथला 'ॲक्स' म्हणजे कुऱ्हाड, आणि तिचं कूळ निराळं. जुने लंडनकर नावाचा उच्चार 'सिमरी ॲक्स' असा करत, तेव्हा कानांवर विसंबूनही भागत नाही.

काकडीच्या आकाराची ती काचेची उंच इमारत, 'गर्किन', याच रस्त्यावर आहे. मध्ययुगात इथे एक लहानसं पॅरिश चर्च होतं. पूर्ण नाव दमवणारं: कुमारी मेरी, संत उर्सुला आणि अकरा हजार कुमारिका. (दंतकथा अशी की उर्सुला आणि तिच्या सोबतच्या या कुमारिका जर्मनीतल्या कोलोनला मारल्या गेल्या.) लोक त्याला 'मेरी ॲट द ॲक्स' म्हणत. दुसरं नाव 'मेरी पेलिपर', कारण शेजारची जागा फरची कातडी विकणाऱ्यांच्या संघाची. लॅटिन 'पेलिस' म्हणजे कातडं.

आता कुऱ्हाड कुठली? जॉन स्टो हा लंडनचा आद्य इतिहासकार १५९८ मध्ये सांगतो की चर्चच्या पूर्वेला समोरच कुऱ्हाडीची पाटी होती, तिच्यावरून नाव पडलं. झालं! तेव्हापासून जो तो हेच उतरवून काढतो, वर पाटीखाली दारूचा गुत्ताही उभा करतो. पण आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा एक दस्त सांगतो की या चर्चमध्ये एक पवित्र अवशेष होता: त्या अकरा हजार कुमारिकांची मुंडकी ज्या तीन कुऱ्हाडींनी उडवली, त्यांतली एक. (कुऱ्हाडीमागे साडेतीन हजारांवर मुंडकी. लोहार कोण होता, विचारायला हवं.)

माझा तर्क असा. १५३८ च्या सुमारास राजाज्ञेने असे अवशेष देवळांतून हटवले गेले. तेव्हा स्टो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. त्याने पुस्तक लिहीपर्यंत कुऱ्हाड विस्मरणात गेली, नाव मात्र उरलं, आणि उरलेल्या नावाला लोक हाताशी असेल ते कारण चिकटवतात. पाटी असेलही; पण देवळात प्रसिद्ध कुऱ्हाड असताना समोरच्या दुकानदाराने तीच पाटीवर काढली नसेल कशावरून? स्टोच्या शब्दाला वेदवाक्य मानणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मी वाट पाहतोय.

आणि खरी गंमत त्या अकरा हजारांत आहे. एक जुना कयास असा की मूळ नोंद 'अकरा, एम, व्ही' अशा लॅटिन संक्षेपाची असावी, अकराचा आकडा अर्थातच रोमन. 'एम'चा अर्थ 'मार्टिरेस', म्हणजे हुतात्मे: अकरा हुतात्मा कुमारिका. कुण्या नकलनविसाने 'एम'ला 'मिलिया' वाचलं, हजार! एका अक्षराने दहा हजार नऊशे एकोणनव्वद मुली जन्माला घातल्या आणि त्याच दमात मारल्याही. काही पंडित म्हणतात, 'उंडेकिमिला' नावाची एकच मुलगी होती, तिच्या नावाचा आकडा झाला. ही ओढाताण मला पटत नाही, कारण काही जुन्या याद्यांत नावंच मुळी अकरा आहेत. शिवाय लंडनच्या त्या दस्तातही हा आकडा 'अकरा, टिंब, एम' असाच लिहिलाय. चूक कशी झाली असेल याचा नमुनाच समोर! ११०६ मध्ये कोलोन शहराबाहेर एक जुनं रोमन कबरस्तान सापडलं आणि हाडांचाही पुरवठा झाला. त्यांत पुरुषांची आणि पोरांचीही हाडं होती, पण कोण मोजतंय? १४९३ मध्ये कोलंबसला एकामागून एक बेटं दिसू लागली, तर त्यानेही यांचंच नाव दिलं. तीच आजची व्हर्जिन बेटं. हसू नका, आपल्याकडे वेदांतले तेहतीस देव तेहतीस कोटी झालेच की.

चर्चचं पुढे काय झालं? १५६० च्या दशकात ते पॅरिश शेजारच्या सेंट अँड्र्यू अंडरशाफ्टला जोडलं गेलं, आणि इमारत एका व्यापाऱ्याला वखारीसाठी भाड्याने दिली, असं स्टोच सांगतो. इथे त्याच्यावर माझा विश्वास आहे.

हां, पॅरिश राहिलंच. 'परगणा' लिहू नका, तो महसुलाचा शब्द. वसईचे ख्रिस्ती 'धर्मग्राम' म्हणतात, तोच वापरा. गोव्यात 'फिर्गज', पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून. मुळाशी लॅटिन 'फिलिउस एक्लेसिए', म्हणजे देवळाचं लेकरू. त्याच लेकराचा पोर्तुगीजमध्ये झाला 'फ्रेगेश', आणि बाजारात त्याचा अर्थ आज गिऱ्हाईक.