आईला डिप्रेशन आहे, आणि ते '३७ टक्के आनुवंशिक' असतं असं वाचलंय, मग मलाही होणार का? डीएनए टेस्ट करून घेऊ का?

टेस्टवर पैसे घालवू नका. आता बाकीचं.

माझ्या वडिलांना हा आजार होता. घरात त्याला नाव नव्हतं, 'बाबांना बरं वाटत नाहीये' एवढंच. पेपर समोर धरून बसायचे, तासाभराने कप उचलायला जावं तर पान तेच आणि चहावर साय धरलेली. मला चौतिसाव्या वर्षी तोच आजार झाला. धाकट्या भावाला झाला नाही, तो आता पन्नाशीला आलाय. आईवडील तेच, घर तेच.

तुम्ही वाचलेला '३७ टक्के आनुवंशिक' हा आकडा खरा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून २००० साली तो काढला गेला. पण तुम्हाला आजार होण्याची शक्यता ३७ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत या आजाराच्या बाबतीत जो फरक पडतो, त्यातला साधारण एवढा वाटा जनुकांचा, असा तो हिशोब आहे. तुमच्या कामाचा आकडा वेगळाच: आईवडील किंवा सख्ख्या भावंडांना असेल तर धोका इतरांच्या अडीच-तीन पट. ऐकायला भयंकर वाटतं. पण भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेले लोक शंभरात सुमारे ५ निघाले. त्याची तिप्पट करा. पंधरा. उरलेले पंच्याऐंशी कुठे गेले? (सर्वेक्षणाची पद्धत बदलली की मूळ आकडा वरखाली होतो, तेव्हा हे ढोबळच धरा.)

टेस्टला नाही का म्हणतोय, तेही सांगतो. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या एका अभ्यासाने गाजावाजा झाला होता: सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची आखूड आवृत्ती असेल, तर आयुष्यातल्या धक्क्यांनी माणूस जास्त खचतो. 'डिप्रेशनचा जीन सापडला' म्हणून लोक मोकळे झाले. २००९ मध्ये चौदा अभ्यास एकत्र करून पाहिले, तर तो संबंध दिसेना. २०१९ मध्ये असे अठरा 'प्रसिद्ध' जीन लाखो लोकांच्या माहितीवर तपासले. कुठलेही दुसरे जीन उचलले असते तरी तेवढंच निघालं असतं! त्याच वर्षी आठ लाखांवर लोकांच्या अभ्यासात डीएनएमधल्या नैराश्याशी संबंधित १०२ जागा सापडल्या, २०२५ च्या अभ्यासात तो आकडा सातशेच्या घरात गेला. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. त्यांची बेरीज करून स्कोअर काढतात, पण त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. शिवाय बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे, त्यामुळे आपल्यासाठी तो आणखीच कच्चा.

टेस्टपेक्षा आईशी बोला. पहिल्यांदा त्रास कितव्या वर्षी झाला, बाळंतपणानंतर वाढला का, कोणती गोळी लागू पडली. आणि एक आवर्जून विचारा: घरात कुणाला चार-चार रात्री झोप नाही, तरी अंगात वारं भरल्यासारखं, पैसे उधळणं, असं कधी झालं होतं का? तसं असेल तर तो बायपोलर आजार (कधी खोल उदासी, कधी असं उधाण) असू शकतो आणि मग नुसत्या नैराश्याच्या गोळीने प्रकरण उलटू शकतं.

हे सगळं कागदावर लिहून ठेवा. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशात रस वाटेनासा झाला, झोप-भूक बिघडली, तर तो कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मरणाचे विचार आले तर दोन आठवडे थांबायचं नाही, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत 'घरात कुणाला?' असं विचारलं, तेव्हा मी सवयीने 'कुणाला नाही' म्हणून बसलो होतो. बाबांचं सांगायला मला तिसरी भेट लागली.