नऊ टक्क्यांची डिझेल गाडी

ताई, तुमच्या पत्रापेक्षा सोबत पाठवलेला हिशोबाच्या वहीच्या पानाचा फोटो मी जास्त वेळ बघत बसलो. जमा, घरकर्ज, किराणा, फी, औषधे, सगळे रकाने पेनाने आखलेले. सगळ्यात खाली पेन्सिलीने ‘गाडी हप्ता 14,167’ आणि त्याच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह तुम्ही काढलेत आणि यजमानांनी नाही, असा माझा अंदाज आहे.

इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या साखळी गावाजवळचे सहा जणांचे घर. नवरा वेर्ण्याला कंपनीत, हातात 46,000. ताई शाळेत शिकवतात, 22,000. सासू-सासरे आणि दोन मुले. घरकर्जाचा हप्ता 14,500, जुन्या वॅगनारच्या पेट्रोलसकट घरखर्च 38,000. उरतात 15,500; त्यातले 4,000 आरडीत, 3,000 मुलीच्या सुकन्या खात्यात. बँकेत तीन लाखांची मुदत ठेव. ओळखीतून सात सीटची 2017 ची डिझेल अर्टिगा चालून आली आहे, मीटरवर 98,000 किलोमीटर, मागणी 6.60 लाख. वॅगनारचे 90,000 येतील, ठेवीतले 70,000 घालायचे आणि पाच लाखांचे कर्ज, बँकेने नाही म्हटल्यावर फायनान्सवाल्याकडून, चार वर्षांसाठी ‘फक्त नऊ टक्क्यांनी’. डिझेल परवडेल का, कर्ज झेपेल का, आणि दहा वर्षांनी डिझेल गाड्या बंद होणार म्हणतात ते खरे का, असे तीन प्रश्न.

तिसऱ्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी. दहा वर्षांची अट दिल्ली आणि आसपासच्या राजधानी परिसराची. हरित लवादाने 2015 साली ती घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली; 2025 मध्ये त्याच न्यायालयाने तिची अंमलबजावणी सैल केली. गोव्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे ही गाडी 2032 पर्यंत बिनघोर. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्याची फी मात्र 2022 पासून 600 वरून 5,000 झाली आहे. ही भीती मनातून काढून टाका. मला भीती वाटते ती ‘फक्त नऊ टक्के’ या शब्दांची.

हा नऊ टक्के फ्लॅट दर आहे. तुमच्या घरकर्जाचे व्याज उरलेल्या मुद्दलावर लागते. जसजसे फेडाल तसतसे व्याज उतरते. फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशीचे पाच लाख धरून चारही वर्षांचे व्याज एकदम लावतात. पाच लाखांचे नऊ टक्के 45,000, गुणिले चार, 1,80,000. एकूण 6,80,000 भागिले 48 महिने, म्हणजे तुमच्या वहीतले 14,167. शेवटच्या वर्षी तुम्ही देणे लागत असाल जेमतेम दीड लाख, तरी व्याज पाच लाखांवरचेच भरत असाल. घरकर्जाच्या भाषेत मांडले तर हा दर जवळपास 16 टक्के होतो. यजमानांनी घरकर्जाच्या दराशी तुलना करून ‘थोडेच जास्त आहे’ म्हटले, त्यात त्यांची चूक नाही. तसे वाटावे म्हणूनच तो आकडा तसा सांगतात. तुमच्या बँकेने नाही का म्हटले, तेही यातच आले. जुन्या गाडीला कर्ज देताना बहुतेक बँका कर्ज फिटेपर्यंत गाडी साधारण दहा वर्षांच्या आत असावी असे बघतात. ही आजच नऊ वर्षांची. मग गिऱ्हाईक फायनान्सवाल्याच्या दारात जाते आणि तिथे दर असा गोड भाषेत सांगितला जातो.

आता डिझेल. ‘डिझेल स्वस्त’ हे आपल्याकडे डोक्यात बसले ते बारा-चौदा वर्षांपूर्वीच्या भावांमुळे. डिझेलचा भाव सरकार दाबून ठेवायचे आणि 2012 च्या सुमाराला देशात पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचे अंतर पडले होते. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले आणि अंतर आटत गेले. गंमत म्हणजे गोव्यात ते तेव्हाही इतके नव्हते, कारण 2012 साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता. तरी आपल्या माणसांनी डिझेल गाड्या घेतल्याच. मीही 2013 मध्ये घेतली. तिसऱ्या वर्षी वही काढून बसलो तेव्हा कळले की वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त मी डिझेल मॉडेलला आधीच मोजले होते.

पेट्रोल 97 आणि डिझेल 89 धरू. डिझेल अर्टिगा 18 चा ॲव्हरेज देईल, पेट्रोल 14 चा. किलोमीटरला डिझेलचे 4.94 रुपये, पेट्रोलचे 6.93. म्हणजे दोन रुपयांना थोडे कमी अंतर. तुमची धाव पत्रावरून मी मोजली: शाळा, साखळीचा बाजार, सासऱ्यांची महिन्याची गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाची) फेरी, मधूनच म्हापसा किंवा फोंडा. महिन्याला 700 किलोमीटरच्या वर जात नाही, कारण यजमान कंपनीच्या बसने जातात. वर्षाला 8,400 किलोमीटर, बचत 16,700 रुपये. याच वर्षाची, याच अवस्थेतली पेट्रोल अर्टिगा तुम्हाला 5.60 लाखांत सांगितली आहे. वरचे एक लाख, त्यावर फ्लॅटचे व्याज 36,000. हे 1.36 लाख वर्षाला 16,700 च्या हप्त्याने वसूल व्हायला आठ वर्षे लागतील. तोवर 2034 उजाडेल आणि नोंदणी संपून दोन वर्षे झालेली असतील. डिझेल इंजिनाचे जास्तीचे काम यात धरलेलेच नाही. इंजेक्टर किंवा टर्बो, यातले काहीही एकदा निघाले की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते.

कंपनीची बस बंद होणार अशी कुजबुज आहे, म्हणूनही यजमानांना डिझेल हवे आहे. तोही हिशोब करून पाहिला. वेर्ण्याला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, अधिक घरचे 700, एकूण 3,200. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला 6,300 वाचतील, डिझेल जिंकेल. पण पंपावर महिन्याला 15,800 द्यावे लागतील. त्यात हप्ता मिळवला की तीस हजार. 68,000 च्या घरात एका माणसाने सात सीटची गाडी घेऊन एकट्याने वेर्ण्याला जायचे, हा विचार डिझेलवरही परवडत नाही. बस बंद झालीच तर त्याच शिफ्टचे साखळी-डिचोलीकडचे चौघे मिळून एका गाडीची सोय करतील किंवा कदंबची सरकारी बस पकडतील. त्यासाठी आजच गाडी घ्यायला नको.

तुमच्या वहीत एक रकाना नाही. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी. नऊ वर्षांच्या गाडीला याचे महिन्याला तीन हजार धरा. तुमचे 15,500 वजा 14,167, उरले 1,333. म्हणजे आरडी बंद, सुकन्या बंद आणि तरीही दर महिन्याला सतराशे कमी.

मी डिचोली तालुक्यातला. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या वाड्यावर एका अंगणात खनिज वाहणारा नवा टिपर उभा होता. आधी त्याच्यावर निळी ताडपत्री होती. पावसाळ्यानंतर ताडपत्री फाटली, चाकांना वेल चढले, आरशावर कोळ्याने जाळे विणले. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येत होता. तुमच्या गाडीची आणि त्या टिपरची बरोबरी नाही, हे मला कळते. पण घरात शिल्लक न ठेवता हप्ता घेऊ नका असे मी ज्याला-त्याला सांगतो, ते त्या अंगणामुळे.

तुम्ही लिहिलेत ते एक वाक्य मात्र मला खोडता येणार नाही: ‘चवथीला गावच्या घरी जाताना दरवेळी सासूबाई म्हणतात, तुम्ही व्हा पुढे, आम्ही बसने येतो.’ पाच सीटच्या गाडीत सहा जण कायद्याने बसत नाहीत आणि म्हातारी माणसेच मागे राहतात. गोव्यात भाड्याची टॅक्सीही स्वस्त नाही. तेव्हा ‘सात सीट कशाला’ असे मी म्हणणार नाही. सात सीट घ्या. पेट्रोल घ्या, आठ महिने थांबून घ्या आणि कर्ज जवळपास निम्म्यावर आणा.

ते जमते कसे ते बघा. सुकन्याला हात लावायचा नाही. उरलेल्या 12,500 मधले 12,000 दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका; आत्ताची आरडीही त्यातच आली. आठ महिन्यांत 96,000. वॅगनारचे 90,000, ठेवीतले 70,000, झाले 2.56 लाख. वर्ष पालटले की गाडी कागदावर एका वर्षाने जुनी होते, 5.60 ची पेट्रोल अर्टिगा तेव्हा 5.40 ला मागा. नवीन गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये उतरल्यापासून जुन्यांच्या भावातही घासाघीस करायला जागा आहे. कर्ज लागेल 2.84 लाख. तुम्ही शिक्षकांच्या पतसंस्थेच्या सभासद आहात, तिथला 12 टक्क्यांचा दर घटत्या शिल्लकीवरचा आहे असे तुम्हीच लिहिले आहे. पतसंस्था गाडीच्या वयाकडे बघत नाही. तीन वर्षांचा हप्ता साधारण 9,400. उरलेले तीन हजार त्या विसरलेल्या रकान्यात. ओढाताण होईल, पण सुकन्या चालू राहील आणि ठेवीत 2.30 लाख शाबूत राहतील. नव्या ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या गाडीचा ॲव्हरेज थोडा पडतो, हे यजमानांचे म्हणणे बरोबर आहे. 14 ऐवजी 13 धरले तरी वर्षाला साडेचार हजारांचा फरक पडतो, त्याने निर्णय फिरत नाही.

एवढे वाचूनही यजमानांचे मन त्या डिझेलवरच असेल, तर किमान मीटरकडे नीट बघा. नऊ वर्षांत 98,000 म्हणजे महिन्याला 900 किलोमीटर. इतके कमी फिरणाऱ्याने डिझेल गाडी घेतली कशाला? एकतर त्याने तुम्ही करताय तीच चूक केली, नाहीतर मीटर मागे फिरवला आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन जुन्या नोंदी मागवा, दर सर्व्हिसिंगचे किलोमीटर तिथे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी गुपचूप पर्यटकांना भाड्याने देणारे किनारपट्टीवर थोडे नाहीत, तेही त्या नोंदींतून उघड होते.

गाडी बघायला सकाळी न सांगता जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, ती गार होऊ द्या. सुरू करताना निळा किंवा दाट काळा धूर येऊन थांबतच नसेल तर उठा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या चिखलाची रेघ असेल तर ती गाडी पाण्यात होती. 2021 च्या जुलैत पुरात वाळवंटी आणि म्हादई नद्यांनी काय केले ते तुम्ही साखळीकर मला कशाला सांगायला हवे. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यातही बोट फिरवा. अर्टिगाचे हे जुने 1.3 लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत होते, त्यामुळे मारुतीने 2020 मध्ये डिझेल बंद केले तरी त्याचा जाणकार मेस्त्री मिळतो. त्याला पाचशे रुपये देऊन सोबत न्या.

आणि कुठलीही गाडी घ्या, पैसे देण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचा दाखला हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेली चलने ॲपवर दिसतात, ती विकणाऱ्याने भरायची. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घ्या आणि विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करा. विकणारा ‘पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, तो तुम्हालाच’ म्हणून त्याचे पैसे मागेल. तो बोनस म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट; तो माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. त्याचा एक रुपयाही देऊ नका.