थांबण्याची लाज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पन्हाळगड ते विशाळगड पायी जायला निघालास, वाटेतल्या आंबेवाडीहून जीपने परत आलास आणि तेव्हापासून ‘डोंगर हे आपले काम नव्हे’ असे म्हणतो आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. मसाई पठारावरचा वारा, खोतवाडीच्या पुढचा चिखल, भिजून दुप्पट जड झालेली सॅक हे सगळे तू सोसलेस आणि अडलास तो डाव्या टाचेवरच्या रुपयाएवढ्या फोडाने. टाच पठारावरच चटकत होती, पण आपल्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल म्हणून बोललो नाही, असे तू लिहितोस. मला राग आला तो या वाक्याचा. परत आलास याचा नव्हे.

फोड एकाएकी येत नाही. भिजून मऊ पडलेली कातडी मोज्याच्या चुणीवर घासत राहते. आधी तिथे नुसते गरम लागते, मग चटका बसतो, मग पाणी भरते. गरम लागले की तिथेच बूट काढायचा, पाय कोरडा पुसायचा, मेडिकलमधली चिकटपट्टी सपाट बसवायची आणि कोरडा मोजा चढवायचा. याला पाच मिनिटे लागतात. तू ती वाचवलीस आणि दुसरा अख्खा दिवस घालवलास. टाच राखायला पाऊल तिरके टाकत गेलास, म्हणून गुडघाही धरला. थांबायचे ते दुखायच्या आधी.

महाराज 12 जुलै 1660 च्या रात्री याच वाटेने निघाले तेव्हा कोण थांबले होते, असे तू विचारतोस. त्यांच्या पाठीवर सिद्दी जौहरची माणसे होती. तुझ्या पाठीवर कोण होते? आणि बाबा रे, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल थांबले, म्हणूनच महाराज विशाळगडावर पोहोचले ना?

हे मी शहाणपणाने सांगत नाही. तुझ्याहून थोडा मोठा असताना मी एक तुकडी घेऊन गेलो होतो. पांढरेपाण्याच्या अलीकडच्या जंगलात एक सोबती गप्प झाला, अडखळू लागला, विचारले तर जीभ जड झाल्यासारखा बोलू लागला. तो थकला आहे असे मी धरले आणि ‘पांढरेपाणी गाठू, मग बघू’ म्हणालो. थोड्याच वेळाने त्याची थरथर बंद झाली आणि मला वाटले, बरे वाटते आहे. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, अंगातली ऊब संपत आली की थरथरणेही थांबते, हे मला ठाऊक नव्हते. धनगरवाड्यावरच्या एका आजींनी त्याचे ओले कपडे उतरवायला लावले, घोंगडीत गुंडाळले, चुलीपाशी बसवले. तो वाचला, पण पुन्हा डोंगरात आला नाही आणि मीही त्याला कधी विचारले नाही.

तेव्हापासून माझ्याबरोबर चालणारा प्रत्येक जण तासाभराने थांबतो, कुणाला काही होत असो वा नसो. ‘यांच्याबरोबर गेले की अंधार पडतो’ अशी माझी ख्याती आहे. असू दे. एकदा एका तरुण गटाने याच कारणावरून मला वगळले, तेही मला लागले. पण मी बदलणार नाही, आणि माझे चुकते असे मला अजूनही वाटत नाही. थांबायला लाजणाऱ्या माणसाच्या हाती मी तुकडी देणार नाही, तू कितीही काटक असलास तरी.

टाच भरली की रविवारी पहाटे पाचला रंकाळ्यावर ये. तेच बूट घाल, सॅक दहा किलोची भर आणि दोन मोजे कोरड्या पिशवीत बांधून आण. जोतिबापर्यंत चालू. वाटेत पहिल्यांदा थांबायला तू सांगायचेस.